लिनक्सवर मराठीत बोलून लिहायचंय?

विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. ज्यांच्या संगणकाला विंडोज ११ पेलत नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांनी चालतं यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेतलं. ब्राउझर चालला, लिब्रेऑफिस चाललं, मराठी कळफलकही मिळाला. मग वाचकांचे प्रश्न सुरू झाले. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि एच एकत्र दाबलं की बोलून टाइप करता यायचं, ते इथे कुठे आहे? कुठलं सॉफ्टवेअर टाकू? ते मराठी ओळखेल का?

सरळ उत्तर असं की मिंट, उबुंटू, फेडोरा यांपैकी कशातही अशी सोय आधीपासून बसवलेली नसते. लिब्रेऑफिसमध्येही नाही. ती बाहेरून आणावी लागते, आणि काय आणायचं हे तुमचं काम, तुमची भाषा आणि संगणकाची ताकद यांवर ठरतं. ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं’ या प्रश्नापाशी अडून बसलात, तर आठवडा निघून जाईल आणि संगणकात चार अर्धवट बसवलेले प्रोग्राम तेवढे उरतील.

आधी काम ठरवा

सॉफ्टवेअरच्या यादीत ‘स्पीच’ असं शोधलंत की चार निरनिराळी कामं करणारे प्रोग्राम एकत्रच समोर येतात. निम्मा गोंधळ इथेच होतो.

- थेट व्हॉइस टायपिंग: तुम्ही बोलाल तशी अक्षरं पडद्यावर उमटतात. पत्र, ईमेल, लेखाचा कच्चा मसुदा यांसाठी.
- रेकॉर्डिंगचा मजकूर करणं: मुलाखत, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, व्याख्यान, व्हिडिओची सबटायटल्स. आधी आवाज, मग मजकूर.
- आवाजानं संगणक चालवणं: ‘खिडकी बंद कर’, ‘खाली जा’ अशा आज्ञा. हात दुखणाऱ्यांना किंवा हात वापरता न येणाऱ्यांना हे हवं असतं.
- संगणकानं वाचून दाखवणं: हे उलट्या दिशेचं काम. ऑर्का हा स्क्रीन रीडर आणि ईस्पीक एनजी हे मजकूर बोलून दाखवतात, बोलणं लिहून घेत नाहीत. ते बसवून ‘माझं बोलणं उमटतच नाही’ म्हणून हैराण होणारे कमी नाहीत.

मराठीपुरतं बोलायचं तर यांतलं दुसरं काम लिनक्सवर बऱ्यापैकी होतं, तेही इंटरनेटशिवाय. पहिलं होतं, पण थोडा वळसा घेऊन. तिसरं आज तरी इंग्रजीतच करावं लागतं. हे आधी कळलं तर पुढचा मनस्ताप बराच वाचेल.

जुन्या सल्ल्यांपासून सावध राहा

लिनक्सवरच्या आवाज-ओळखीबद्दल शोधलं की दहा-वीस वर्षांपूर्वीची उत्तरं आजही वर येतात. पुढची नावं दिसली तर त्यांच्या मागे लागू नका.

आयबीएमचं व्हायाव्हॉइस लिनक्ससाठी निघालं होतं, ते कधीच मागे पडलं. सीएमयू स्फिंक्स, ज्यूलियस आणि केडीईवाल्यांचं सायमन यांना त्या काळात महत्त्व होतं, पण मराठी वाक्य सांगून लिहून घ्यायला त्यांचा उपयोग नाही. मोझिलानं २०१७मध्ये डीपस्पीच आणलं. त्याचं काम थांबलं. त्याच्या वंशातलं कोकी एसटीटी चालवणारी कंपनीही बंद झाली. ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग वाइनमधून चालवा’ हाही एक लाडका सल्ला आहे. तो प्रोग्राम विकतचा, विंडोजसाठी बनवलेला आणि मराठी न जाणणारा आहे. त्यात वेळ घालवू नका.

सल्ला कितीही आत्मविश्वासानं दिलेला असो, आधी तारीख बघा. या विषयात २०२२च्या आधीचं उत्तर बहुधा कालबाह्य समजावं.

निर्णयापुरती तांत्रिक माहिती

२०२२ हे साल सांगण्याला कारण आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ओपनएआयनं ‘व्हिस्पर’ हे इंजिन एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. ते तुमच्याच संगणकावर चालतं, मराठी ओळखतं आणि विरामचिन्हंही स्वतःच घालतं. पुढे व्हिस्पर डॉट सीपीपी आणि फास्टर व्हिस्पर या हलक्या आवृत्त्या आल्या आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकावरही ते वापरण्याजोगं झालं.

दुसरं नाव वोस्क. हे आणखी हलकं आहे, जुन्या यंत्रावरही बोलता बोलता लिहितं, आणि त्याची छोटी मॉडेलं ५० एमबीच्या आसपास असतात. त्याच्या तयार मॉडेलांत हिंदी आहे, गुजराती आहे, भारतीय उच्चारांच्या इंग्रजीसाठीही वेगळं मॉडेल आहे. मराठी नाही. हिंदी मॉडेलला मराठी ऐकवून पाहण्याचा मोह होतो, पण त्यातून फक्त करमणूक होते. तुम्हाला इंग्रजी किंवा हिंदी लिहायचं असेल, तर मात्र वोस्क जरूर वापरा.

एवढं लक्षात ठेवा की इंजिन, मॉडेल आणि प्रोग्राम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्राम म्हणजे तुम्हाला दिसणारी खिडकी, इंजिन म्हणजे आतलं यंत्र, आणि मॉडेल म्हणजे त्या भाषेचं शिकवणं साठवलेली फाइल. प्रोग्राम बसवला पण मॉडेल उतरवलं नाही, तर काहीच होत नाही. ‘बसवलं, पण चालत नाही’ या तक्रारीमागे हे कारण फार वेळा असतं.

तुमच्या संगणकाला कोणतं मॉडेल पेलेल?

व्हिस्परची मॉडेलं आकारानं वेगवेगळी आहेत. व्हिस्पर डॉट सीपीपीसाठीच्या फाइलींचे आकार साधारण असे:

- टायनी: ७५ एमबी. मराठीसाठी निरुपयोगी.
- बेस: १४२ एमबी. मराठीसाठी हेही सोडून द्या.
- स्मॉल: ४६६ एमबी. वाक्याचा अंदाज येतो, पण दुरुस्ती भरपूर.
- मीडियम: सुमारे दीड जीबी. मराठीचं काम इथून सुरू होतं असं समजा. चालताना दोन जीबीहून थोडी जास्त मेमरी घेतं.
- लार्ज: सुमारे तीन जीबी. सगळ्यात बरं, सगळ्यात संथ. चार जीबीच्या आसपास मेमरी लागते.
- टर्बो: लार्जचीच छाटलेली, वेगवान आवृत्ती, ऑक्टोबर २०२४मध्ये आलेली. फाइल दीड जीबीच्या थोडी वर.

इंग्रजीत बोलणाऱ्याला ‘बेस’ पुरतं, म्हणून इंग्रजी सल्ल्यांत छोट्या मॉडेलांची शिफारस दिसते. ती जशीच्या तशी उचलू नका. व्हिस्परला मुळात जे ६,८०,००० तासांचं ध्वनिसाहित्य शिकवलं गेलं, त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश इंग्रजी होतं. बाकीच्या ९६ भाषांना मिळून वाट्याला आले १,१७,००० तास, आणि त्यातही मोठा हिस्सा काही मोजक्या भाषांचा. मराठी मागच्या बाकावर आहे. ही उणीव मोठ्या मॉडेलनं काही प्रमाणात भरून निघते, छोट्यानं नाही.

आठ जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर मीडियम किंवा टर्बो चालवून बघा. चार जीबीच असेल, तर ब्राउझर बंद करून स्मॉलवर भागवा, किंवा सरळ पुढे दिलेला फोनचा मार्ग धरा. आणखी एक खोच आहे. काही जुन्या पेंटियम आणि सेलेरॉन प्रोसेसरांत एव्हीएक्स ही सोय नसते. अशा यंत्रावर हे प्रोग्राम उघडताक्षणी बंद पडू शकतात. तुमचं काही चुकलेलं नसतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा बसवत राहू नका.

रेकॉर्डिंगचा मजकूर: स्पीच नोट

टर्मिनल उघडायची इच्छा नसलेल्या वाचकांनी ‘स्पीच नोट’पासून सुरुवात करावी. तो मुक्त आहे, फुकट आहे आणि फ्लॅटहब या लिनक्स-प्रोग्रामांच्या भांडारात मिळतो. व्हिस्पर आणि वोस्क ही दोन्ही इंजिनं त्यात आहेत. एकदा मॉडेल उतरवलं की इंटरनेट काढून टाकलंत तरी तो चालतो.

१. प्रोग्राम आणा. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून नाव शोधा. उबुंटूत त्या भांडारातले प्रोग्राम बसवणारं फ्लॅटपॅक आधीपासून नसतं. ते आणि फ्लॅटहब आधी जोडून घ्यावं लागतं. मिंट २२मध्ये पडताळणी न झालेली फ्लॅटपॅक लपवून ठेवलेली असतात, त्यामुळे हवा तो प्रोग्राम यादीत दिसला नाही तर प्रेफरन्सेसमधली ती सोय तपासा. डाउनलोड मोठं आहे, मोबाइलच्या डेटावर करू नका.

२. मॉडेल उतरवा. ‘लँग्वेजेस’मध्ये मराठी निवडा आणि ‘स्पीच टू टेक्स्ट’खालचं व्हिस्परचं मॉडेल घ्या. तिथेच ‘टेक्स्ट टू स्पीच’ची मॉडेलंही दिसतील; ती वाचून दाखवण्यासाठी आहेत.

३. भाषा पक्की करा. भाषा आपोआप ओळखण्याची सोय सोयीची वाटते, पण मराठीसाठी ती घातक आहे. लिपी तीच असल्यामुळे व्हिस्पर मराठीला हिंदी समजतं आणि मग ‘आहे’चं ‘है’ होत जातं. दर वेळी मराठी हातानं निवडा.

४. इंग्रजी भाषांतराची खूण बंद आहे का पाहा. व्हिस्परला कुठलीही भाषा ऐकून थेट इंग्रजीत लिहिण्याची वेगळी सोय आहे. ती चुकून चालू राहिली तर मराठी बोललात तरी मजकूर इंग्रजीत येतो.

५. दोन मिनिटांचा तुकडा करून बघा. तासाभराची मुलाखत पहिल्या फटक्यात देऊ नका. त्या तुकड्याला किती वेळ लागला ते पाहून पूर्ण कामाचा हिशेब करा. ग्राफिक्स कार्डाशिवाय मोठं मॉडेल तासाच्या रेकॉर्डिंगला कितीतरी तास घेऊ शकतं. रात्री लावून झोपणं हा शहाणपणाचा मार्ग.

स्पीच नोट जड वाटला तर ‘बझ’ बघा. तोही व्हिस्परवरच चालतो, उबुंटूच्या स्नॅपमध्ये आणि फ्लॅटपॅकमध्येही मिळतो, आणि त्याचा एक विशेष फायदा आहे. त्यात ‘इनिशियल प्रॉम्प्ट’ लिहिता येतो. मुलाखतीत येणारी माणसांची, गावांची, संस्थांची नावं तिथे देवनागरीत आधीच लिहून ठेवलीत, तर ती बरोबर उमटण्याची शक्यता वाढते. स्थानिक इतिहास, ग्रामपंचायतीचं काम किंवा घराण्याच्या आठवणी नोंदवणाऱ्यांनी ही सोय सोडू नये.

व्हिडिओचं संकलन केडेनलाइव्हमध्ये करत असाल तर वेगळं काही आणायला नको. त्यात २०२३पासून व्हिस्पर वापरून सबटायटल्स करता येतात.

मजकूर आला, आता डोळ्यांत तेल घालून तपासा

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण दिसणाऱ्या चुकांपेक्षा न दिसणाऱ्या जास्त धोक्याच्या असतात.

व्हिस्पर शांतता सहन करत नाही. रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही, नुसता पंख्याचा आवाज आला, तर ते स्वतःच्या मनानं वाक्य लिहितं. कधी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत सुटतं. ही वाक्यं व्याकरणानं नेटकी असतात, त्यामुळे वाचताना खटकत नाहीत. उपाय दोन: ‘व्हॉइस ॲक्टिव्हिटी डिटेक्शन’ची, म्हणजे बोलणं असलेला भाग ओळखण्याची, सोय दिसली तर चालू ठेवा, आणि रेकॉर्डिंगमधल्या लांब शांत जागा ऑडॅसिटीत आधीच कापून टाका. जबाब, रुग्णाची नोंद, पैशाचा व्यवहार, सभेचा ठराव अशा मजकुरात आवाज ऐकत ऐकत शब्द न् शब्द पडताळल्याशिवाय सही करू नका.

मराठीत विशेष बघण्याच्या जागा:

- ळ आणि ल, ण आणि न: ‘काळ’चं ‘काल’ झालं की वाक्य वाचायला बरं वाटतं आणि अर्थ मात्र भलताच होतो. ‘पाणी’चं ‘पानी’ निदान चटकन दिसतं.
- आकडे: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची गल्लत. रकमा आणि तारखा वेगळ्या तपासा.
- बोली आणि प्रमाण रूप: तुम्ही ‘केलं’ म्हटलंत तरी ‘केले’ येऊ शकतं, आणि एकाच परिच्छेदात दोन्ही येऊ शकतात. कोल्हापुरी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्याचं बोलणं तर प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिलं जातं. बोलीचं काम करणाऱ्यांनी या मजकुरावर अजिबात विसंबू नये.
- मधेच येणारं इंग्रजी: तोच शब्द कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये. शोधा-बदला वापरून शेवटी एकसारखं करा.
- कोण बोललं: व्हिस्पर वक्ते वेगळे करत नाही. दोघांचं बोलणं सलग येतं. मुलाखतीत ‘प्र.’ आणि ‘उ.’ तुम्हालाच घालावं लागेल.

रेकॉर्डिंग मुळात चांगलं असेल तर निम्मं काम वाचतं. महागडा रेकॉर्डर नको. फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, पंखा बंद करा, टेबलावर थेट न ठेवता खाली रुमाल घाला. व्हिस्पर सगळा आवाज १६ किलोहर्ट्झवर, एकाच वाहिनीत उतरवून घेतं, त्यामुळे फार उच्च दर्जाची फाइल करून काही पदरात पडत नाही.

थेट व्हॉइस टायपिंग हवंच असेल तर

स्पीच नोटमध्ये बोलूनही लिहिता येतं. ‘वन सेन्टेन्स’, ‘प्रेस अँड होल्ड’ आणि ‘ऑल्वेज ऑन’ असे ऐकण्याचे प्रकार आहेत. पण व्हिस्पर तुकड्यातुकड्यानं ऐकतं, त्यामुळे वाक्य संपल्यावर थोडं थांबावं लागतं. साध्या संगणकावर हे थांबणं कंटाळवाणं होतं. मला विचाराल तर मराठीसाठी पुढचे दोन मार्ग रोजच्या वापराला जास्त बरे.

क्रोम आणि गूगल डॉक्स. गूगल क्रोम लिनक्सवर मिळतो. डॉक्समध्ये ‘टूल्स’खाली ‘व्हॉइस टायपिंग’ उघडा, माईकच्या चित्रावरची भाषा मराठी करा आणि बोला. नंतर मजकूर लिब्रेऑफिसमध्ये नेता येतो. फायरफॉक्समध्ये ही सोय चालत नाही, आणि क्रोमसारखाच दिसणारा क्रोमियमही इथे बहुधा दगा देतो, कारण आवाज ओळखण्याचं काम गूगलच्या सेवेवर अवलंबून आहे. ‘पूर्णविराम’, ‘नवीन परिच्छेद’ असं बोलून काही होणार नाही. विरामचिन्हांच्या तोंडी आज्ञा काही मोजक्या युरोपीय भाषांसाठीच आहेत. विरामचिन्हं नंतर हातानं घाला.

फोन आणि संगणक यांची जोडी. अँड्रॉइड फोनवरचा जीबोर्ड मराठी बोलणं लिहितो, हे तुम्हाला व्हॉट्सॲपमुळे ठाऊकच असेल. तोच मजकूर संगणकात आणायचा. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एकच गूगल डॉक फोनवर आणि संगणकावर उघडा. फोनवर बोला, पडद्यावर बघा. गूगल डॉक्स नको असेल तर केडीई कनेक्ट बसवा. ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी त्याचाच जीएसकनेक्ट हा अवतार आहे. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर आणा, जोडणी मंजूर करा, फोनवर बोलून लिहिलेला मजकूर कॉपी करा आणि केडीई कनेक्टमधलं ‘सेंड क्लिपबोर्ड’ दाबा. अँड्रॉइड १०पासून क्लिपबोर्ड आपोआप जात नाही, ते बटण दाबावंच लागतं. जोडणी होतच नसेल तर संगणकाची फायरवॉल १७१४ ते १७६४ ही पोर्ट्स अडवत आहे का ते बघा.

आता एक सूचना, थोडी किचकट पण उपयोगी. बोललेला मजकूर थेट कर्सरपाशी टाइप करून देणारे प्रोग्राम तुम्हाला सापडतील. नर्ड डिक्टेशन हा त्यांतला प्रसिद्ध. इंग्रजीसाठी तो वोस्कच्या जोरावर फार छान चालतो. देवनागरीत मात्र असे प्रोग्राम अडखळतात. लिनक्समध्ये पडदा रंगवण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. वेलँडमध्ये सुरक्षेसाठी एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत टाइप करू दिलं जात नाही. त्यावरचा वायडूटूलसारखा उपाय फक्त कळफलकाच्या कळा दाबल्याचं सोंग करतो, आणि कळफलकावर नसलेली अक्षरं त्याला उमटवता येत नाहीत. म्हणून मराठीसाठी नियम साधा ठेवा: मजकूर क्लिपबोर्डवर घ्या आणि कंट्रोल-व्ही करा. दोन कळा जास्त दाबाव्या लागतात, पण जोडाक्षरं फुटत नाहीत.

तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते ग्नोममध्ये सेटिंग्जच्या ‘अबाउट’ भागातल्या सिस्टीमच्या तपशिलात ‘विंडोइंग सिस्टीम’समोर लिहिलेलं असतं. मिंटचं सिनॅमन नेहमीच्या मांडणीत एक्स११वर चालतं; अलीकडचं उबुंटू आणि फेडोरा वेलँडवर.

माईककडे आधी बघा

सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी साउंड सेटिंग्जमध्ये ‘इनपुट’ उघडून बोला. पट्टी हलली नाही तर दोष माईकचा. जुन्या डेस्कटॉपला माईकचं गुलाबी छिद्र वेगळं असतं आणि मोबाइलचा हेडफोन त्यात नुसता खोचून चालत नाही. यूएसबी हेडसेट घेतलात तर बहुधा ड्रायव्हरची भानगड न होता तो चालू होतो. ब्लूटूथ हेडसेट टाळा. त्याचा माईक चालू झाला की तो फोन कॉलच्या हलक्या दर्जात जातो आणि तुमचं स्पष्ट बोलणंही मॉडेलपर्यंत पुसट पोचतं.

हातांना त्रास असेल तर

मनगटाच्या दुखण्यामुळे किंवा अपंगत्वामुळे संगणक पूर्णपणे आवाजानं चालवायचा असेल, तर टॅलन आणि न्यूमेन ही दोन नावं पाहा. न्यूमेन मुक्त आहे आणि वोस्क वापरतो. टॅलन फुकट मिळतो, पण मुक्त नाही, आणि लिनक्सवर त्याला एक्स११ लागतं. दोन्हींत आज्ञा छोट्या इंग्रजी शब्दांच्या असतात. त्या पाठ व्हायला दिवस लागतात, पण त्यासाठी अस्खलित इंग्रजी यावं लागत नाही.

नोकरीत असाल तर हेही माहीत असू द्या. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनांनी अपंग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी द्यायच्या आहेत. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे, खासगी आस्थापनांनीही. आवाजावर चालणारं सॉफ्टवेअर आणि चांगला माईक ही मागणी लेखी करा. काय हवं, कशासाठी हवं, त्याशिवाय कोणतं काम अडतं, हे तीन मुद्दे त्यात असू द्या. सॉफ्टवेअर फुकट आहे हे सांगितलंत तर खर्चाची सबब उरत नाही.

तुमचा आवाज कुठे जातो?

स्पीच नोट, बझ, वोस्क यांत आवाज संगणकाबाहेर जात नाही. क्रोममधलं व्हॉइस टायपिंग आवाज गूगलच्या सर्व्हरकडे पाठवतं. प्रेमपत्रासाठी यातलं काय वापरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण वकील, डॉक्टर, समुपदेशक, पत्रकार यांच्याकडचं रेकॉर्डिंग हे दुसऱ्याचं गुपित असतं. ते कोणत्याही ‘मोफत ऑनलाइन ट्रान्सक्रिप्शन’च्या पानावर चढवू नका. घरच्या यंत्रावर रात्रभर वेळ लागला तरी चालेल.

- डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये दिलेली संमती मागे घेण्याचा, आणि ती जितक्या सहज दिली तितक्या सहज मागे घेता येण्याचा हक्क आहे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचाही आहे. सरकारनं हा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरवलं आहे.
- गूगल खात्यातल्या ‘माय ॲक्टिव्हिटी’मध्ये साठवलेला आवाज बघता आणि पुसता येतो.
- व्हिस्परचा परवाना एमआयटी, वोस्कचा अपाची २.०. दोन्हींत व्यावसायिक वापराला मुभा आहे. टायपिंगचा व्यवसाय असेल किंवा शाळेतल्या सगळ्या संगणकांवर बसवायचं असेल, तरी कोणाला पैसे द्यायचे नाहीत आणि परवानगीही मागायची नाही. विकत ‘लायसन्स’ देऊ करणाऱ्याला हात जोडा.
- मुलाखत रेकॉर्ड करताना समोरच्याला आधी विचारा, आणि त्याचं ‘हो’ रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच येऊ द्या.

थोडं पायथॉन येत असेल तर

घरात कोणी संगणकशास्त्र शिकत असेल, तर त्याला आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारत या गटाची मॉडेलं बघायला सांगा. भारतीय भाषांवर घडवलेलं इंडिकव्हिस्पर मराठीसाठी आहे, आणि इंडिककन्फॉर्मर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी. गोव्यातल्या वाचकांना दुसऱ्याचं महत्त्व लगेच कळेल, कारण मूळ व्हिस्परच्या यादीत कोंकणी नाही. या मॉडेलांना स्पीच नोटसारखी तयार खिडकी नाही, पायथॉनमधून चालवावी लागतात. पण मराठीचं काम नियमित असेल तर एका शनिवार-रविवारची ही खटपट व्हिस्परच्या लार्ज मॉडेलशी झटत बसण्यापेक्षा फायद्याची ठरू शकते. दोन्हींना तोच दोन मिनिटांचा तुकडा द्या आणि चुका मोजा.

मदत मागताना

अडलात तर ‘चालत नाही’ एवढंच लिहून उत्तर मिळणार नाही. पुढची माहिती एकत्र द्या:

- लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, उदाहरणार्थ मिंट २२ सिनॅमन
- एक्स११ की वेलँड
- प्रोसेसरचं नाव आणि मेमरी
- प्रोग्राम फ्लॅटपॅक, स्नॅप की आणखी कुठून आणला
- मॉडेलचं पूर्ण नाव आणि निवडलेली भाषा
- माईक कोणता, आणि साउंड सेटिंग्जमध्ये पट्टी हलते का
- नेमकं काय बोललात आणि नेमकं काय उमटलं, दोन्ही जसंच्या तसं